मला बुधवारीच कळलं होतं

मंदारला मी फसवलं. मंडळाने नाही, नशिबाने नाही, त्या समुद्रकाठच्या घराच्या मालकिणीने तर अजिबातच नाही. मी. हे आजवर कोणाला बोललेले नाही, नवऱ्यालाही नाही. दोन वर्षं झाली.

दरवर्षी आपल्या दिवाळी अंकात या पानावर अध्यक्षांचं मनोगत असतं. तुम्ही ते वाचत नाही, मला माहीत आहे. मीही अध्यक्ष होईपर्यंत कधी वाचलं नव्हतं. यंदा वाचा.

आणि एक आधीच सांगून टाकते. मंदार मला आवडत नव्हता. आजही आवडत नाही. माणसाचं वाईट केलं म्हणून तो माणूस एकदम गोड लागायला लागतो असं काही नसतं — निदान माझं तरी तसं नाही. तेव्हा हे वाचताना मी विरघळले आहे अशी समजूत करून घेऊ नका.

आपलं मंडळ ऑकलंडमधल्या मराठी उद्योजकांचं. सॉफ्टवेअरवाले, इमारतींची डिझाइन करणारे, गाड्यांचे सुटे भाग आणणारे. आणि मी पोळ्या विकते. गॅरेजमध्ये एका तव्यावर सुरुवात केली होती, आता सँडरिंगहॅमच्या दुकानांमागे माझं स्वतःचं किचन आहे, हाताखाली सहा बायका आहेत. एवढं होऊनही तुमच्या मीटिंगमध्ये मी कोण होते? चहाबरोबर काय आणणार, हे जिला विचारायचं ती. 

त्या वर्षी मंदार अध्यक्ष होता. उन्हाळ्यात सगळ्यांनी दोन दिवस समुद्रावर जायचं ठरलं. धंद्याचं बोलायचं नाही, मुलंबाळं नाहीत, नुसतं पाय पसरून बसायचं. मंदार म्हणाला, "ताई, बुकिंग तुम्ही घ्या. घासाघीस तुमच्याइतकी इथे कोणाला जमणार?" सगळे हसले. मग म्हणाला, "फक्त एक करा हं. या वेळी रिलॅक्स. उखाणे, संगीतखुर्ची, ती बायकांची पळापळ नको. हा काही बचत गटाचा मेळावा नाही."

त्यावर तर फारच हसलात. मीही हसले. तुमच्यापैकी कोणाला आठवतंय का ते? मला आठवतंय. माझी आई इचलकरंजीत बचत गट चालवायची. सोळा बाया मिळून पापड लाटायच्या आणि त्या पापडांवर मी शिकले. घरी जाताना मोटरवेवर मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने त्याला उत्तरं देत होते. मीटिंगमध्ये एकही सुचलं नव्हतं.

पण म्हणून मी पुढचं केलं असं मी म्हणत नाहीये. मला राग आला होता, एवढंच.

घर मी शोधलं. हॅमिल्टनच्या पलीकडे, पश्चिम किनाऱ्यावर. इथे अशा सुट्टीच्या घराला बॅच म्हणतात. जुनं, लाकडी, मागच्या दारातून पाच पावलांत वाळू. मालकीण एक वयस्कर गोरी बाई, राहायला दुसऱ्या गावात. तिच्याशी मी चार वेळा फोनवर भांडून भाव ठरवला आणि ग्रुपवर फोटो टाकले. सगळ्यांचे अंगठे आले. मंदारचाही आला. "ताई रॉक्स," असं त्याने लिहिलं होतं.

आपण शनिवारी निघणार होतो. बुधवारी सकाळी मालकिणीचा फोन आला. पोळ्यांचं पॅकिंग चाललं होतं, फोन खांद्याला दाबून मी ऐकत होते. तिथे एक माणूस बुडाला होता. खडकावरून मासे धरताना लाटेने नेला. अजून सापडला नव्हता. तिथल्या माओरी लोकांनी त्या सगळ्या किनाऱ्यावर राहुई घातली होती. म्हणजे राहुई उठेपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही, मासे धरायचे नाहीत, शिंपले काढायचे नाहीत. समुद्रातून काहीही घ्यायचं नाही. त्यांचा माणूस त्या पाण्यात आहे.

"तुम्हाला रद्द करायचं असेल तर मी सगळे पैसे परत देते," ती म्हणाली. "यायचं असेल तर या, ओसरीवर बसा, टेकडीवर फिरा. फक्त सगळ्यांना नीट सांगा. गाडीतळावर पाटी लावली आहे, पण तुम्ही मागच्या दाराने थेट वाळूत उतराल, तुम्हाला ती दिसणार नाही."

मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुतक म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. सासरे गेले तेव्हा ऑकलंडमध्ये राहून मी तेरा दिवस किचन बंद ठेवलं होतं. आणि आता बोलतेच आहे तर हेही सांगते. मंदारच्या कंपनीचं शुक्रवारचं जेवण तेव्हा माझ्याकडून जायचं. त्या तेरा दिवसांत तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही. त्याच्या लोकांना त्याने घरून डबे आणायला सांगितले. मला हे माहीत होतं. बुधवारी सकाळीसुद्धा माहीत होतं.

आणि मी काय केलं? मी भाव केला. पाण्यात उतरता येणार नाही म्हणजे तुमच्या घराची किंमत निम्मी झाली, असं मी तिला म्हणाले. शुक्रवारची रात्र फुकट द्या. उशिरा निघू द्या.  ती बाई अगदी दमलेल्या आवाजात म्हणाली, "बरं. घ्या." पुन्हा म्हणाली, "सगळ्यांना सांगाल ना?" मी म्हटलं, "हो हो, स्वीट ॲज." काळजी नको अशा अर्थाचा तो शब्द मी इथे येऊन शिकले. तो मी तिथे वापरला.

त्यांच्या सुतकावर मी घासाघीस केली. दुसऱ्या कोणत्या शब्दात सांगू?

ग्रुपवर लिहिलं — आनंदाची बातमी, आपल्याला एक रात्र जास्त मिळाली! कशी मिळाली ते कोणी विचारलं नाही. ताईंनी मिळवली, एवढं तुम्हाला पुरलं. राहुईचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मंदार काय म्हणाला असता ते मला पाठ होतं. "बघा, एक साधं रिलॅक्स ठेवायला सांगितलं होतं!" तुम्ही पोहायचे नवे कपडे घेतले होते. मला ती सहल झकास व्हायला हवी होती. माझी म्हणून झकास.

शनिवारी सकाळी ओहोटी होती. आपले सावंत मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांनी वाळूत पाय रुतवला आणि ओरडले, "अरे, तिसऱ्या! हयसर तिसऱ्यांचो ढीग आसा!" मग काय विचारता. चाळिशी उलटलेली माणसं पोरांसारखी गुडघाभर पाण्यात. मंदारने पँट दुमडली, घरातली निळी बादली घेतली आणि त्या शिंपल्यांनी काठोकाठ भरली. ती डोक्यावर धरून फोटो काढून घेतला आणि लगेच सगळीकडे टाकला. "रिलॅक्स मोड," असं काहीतरी खाली लिहून.

मी कुठे होते? स्वयंपाकघरात. त्याच तिसऱ्यांसाठी कांदा-खोबरं भाजत होते. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. खोबरं तांबूस होईपर्यंत मी हलवत राहिले. एक हाक मारायला काय लागलं असतं? पाच पावलं होती.

मग त्या बाई आल्या. माओरी, सत्तरीच्या, डोक्याला रुमाल, बरोबर तिशीतला एक पुरुष. वाळूतून सावकाश चालत आल्या. मी हात पुसून बाहेर गेले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बादलीत बघितलं, मग पाण्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "तुमच्यात मोठं कोण आहे?"

 तुमच्यापैकी कोणाला काही समजत नव्हतं. मला समजत होतं, आणि मी बोट दाखवून म्हणाले, "हे. हे आमचे अध्यक्ष."

त्या पुरुषाने सांगितलं, पाण्यात त्याचा भाऊ आहे. ही त्याची आई. त्या रोज सकाळी तिथवर चालत येत होत्या.

मंदारचा चेहरा तुम्ही पाहिला आहे.  बादली हातातच होती. ती खाली ठेवावी, ओतावी, का धरून उभं राहावं, तेही त्याला कळेना. शेवटी त्याने त्या बाईंनाच विचारलं, काय करू. त्या म्हणाल्या, "जिथून काढल्या तिथे ठेवायला हा तुम्हाला दाखवेल." मंदार त्या पुरुषाबरोबर काठापर्यंत गेला. तिथे गुडघ्यांवर बसून त्याने एकेक मूठ वाळूत ठेवली. परत आला तेव्हा आपल्या सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, मालकिणीने तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं?"

मी म्हणाले, "नाही हो."

एवढंच. दोन शब्द. बुधवारी मी लोभी होते, शनिवारी सकाळी भेकड. पण तेव्हा, त्या दोन शब्दांच्या वेळी, मी आणखी काहीतरी होते. तेच सांगायला इतकं फिरून आले आहे. तो मान खाली घालून उभा होता आणि मला बरं वाटलं. नुसतं सुटल्यासारखं नव्हे — बरं. पोटातून. बचत गट म्हणाला होतास ना? घे आता.

एका आईचा मुलगा समोर पाण्यात होता, आणि मला बरं वाटत होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, असं तुम्हाला वाटतं. मंदारने फोटो काढून टाकला, पण तोवर तो फिरला होता. लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते तुम्ही वाचलंत. तो पुढच्या आठवड्यात एकटा गाडी घेऊन त्या गावी गेला आणि माफी मागून आला. मंडळाच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "चौकशी ताईंनी करायला हवी होती." तेव्हा तो उठून काय म्हणाला आठवतंय? "ताईंना माहीत असतं तर त्यांनी सांगितलं असतं. जबाबदारी माझी होती." असं म्हणून त्याने राजीनामा दिला. तुम्ही मला एकमताने निवडलंत, हार घातलात. मी तो घालून घेतला.

तुम्हाला माहीत नाही ते रेवाचं. मंदारची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. शाळेच्या कापा हाका गटात होती. माओरी गाणी, नाच. त्या वर्षी गटात पुढे उभं राहायला तिची निवड झाली होती. तिच्या बाईंनी तो फोटो पाहिला, मैत्रिणींनी पाहिला. तिला कोणी काढलं नाही. तीच निघाली. माझ्या बापाने असं केल्यावर मी यांच्यापुढे उभी कशी राहू, असं म्हणाली. हे मला तिच्या आईने, अनघाने सांगितलं. पोळ्या न्यायला आली होती, बोलता बोलता रडायला लागली. अनघा म्हणाली, रेवा बापाला एकच विचारते, "डॅड, यू डिडन्ट ईव्हन आस्क?" आणि तो म्हणतो, "नो. आय डिडन्ट." मी अनघाला पाणी दिलं. दोन पाकिटं जास्त घातली पिशवीत. आणि तोंड बंद ठेवलं.

त्याने विचारलं नाही, कारण चौकशीसाठी माणूस नेमलेला होता. ती मी. ही साधी गोष्ट त्याच्या मुलीला दोन वर्षांत कोणी सांगितली नाही. तो सांगू शकत नाही, त्याला माहीतच नाही. जिला माहीत आहे ती पोळ्या लाटते आहे.

गेल्या महिन्यात मी त्यांना सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर पाहिलं. मिठाईच्या दुकानातून बाप-लेक बाहेर आले. तो काहीतरी सांगत होता, हसवायचा प्रयत्न करत होता. ती फोनमध्ये बघत दहा पावलं पुढे चालत होती. गाडीपाशी जाऊन मागच्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी होती. मंदारने मला पाहिलं, हात केला. "काय ताई, कशा आहात!" मी म्हटलं, मजेत.

समुद्रावरच्या त्या माओरी बाईंकडे मी अजून गेलेले नाही. एकदा निघाले होते. हॅमिल्टनच्या ‘ते रापा’ भागापर्यंत गेले, तिथल्या एका दुकानात माल उतरवला, आणि तेवढंच काम होतं असं स्वतःला सांगून परत आले. मालकिणीलाही फोन केलेला नाही. त्या आईचा मुलगा सापडला की नाही, हेसुद्धा मी विचारलेलं नाही.

हा अंक मंदारच्या फ्लॅट बुशमधल्या घरी पोचेल. तो वाचेल, अनघा वाचेल. रेवाला मराठी समजतं पण वाचता येत नाही. म्हणजे जिला हे कळायला हवं तिच्यापुढे हे पान नुसतं पडून राहणार. आणि मी लिहून मोकळी झाले असं म्हणणार! इथेही मी स्वस्तात सुटायलाच बघते आहे. म्हणून अंक वाटला जाईल त्याच दिवशी मी त्यांच्या दारात जाणार आहे आणि तिला तोंडी सांगणार आहे. बुधवारचा फोन, फुकटची रात्र, "नाही हो", सगळं. तिने दार लावलं तर बाहेरून सांगेन.

आता तुमचं. यातलं एक अक्षर वाचून "ताई, जाऊ द्या, झालं ते झालं" असं म्हणायला कोणी माझ्याकडे येऊ नका. तो अधिकार तुमचा नाही. येत्या सभेत हाच पहिला विषय घ्या. मंदारला तुम्ही उभं केलं होतं तसं मला उभं करा, आणि त्याला जे विचारलंत ते सगळं मला विचारा. त्याला विचारून झालं आहे. त्याने माझी सगळी उत्तरं दिली आहेत. आता जाब मला विचारा.