बोंडांचा वास
काजूची बोंडं कुजू लागली की त्यांच्या आंबूस वासाने मला एक चैत्र आठवतो. आदल्या दिवाळीत भाचीच्या साखरपुड्यात मी पिऊन धिंगाणा घातला होता. आईच्या मागे मला वाढवणाऱ्या थोरल्या बहिणीने तेव्हा बजावलं, “दारू सोडशीत, तेवाच माझ्या उंबऱ्यार ये.” पुढे पाच महिने मी थेंबही घेतला नाही. मग मालवणच्या बाजारातून तिच्या आवडीची सुरमई घेतली आणि तिच्या गावी कुडाळकडे निघालो. वाटेत एका बागेत काजू बी घ्यायला थांबलो. विकणारा ओली बी मिसळतो असा संशय आला, म्हणून स्वतःच पडलेल्या बोंडांच्या ढिगात बसून बिया पिळून काढल्या आणि भावावरून तासभर हुज्जत घातली. सदरा दारूसारख्या आंबलेल्या रसाने भिजला. बहीण दारातच उभी होती. मी चार हात लांब असतानाच तिने नाकाला पदर लावला. “परत पिऊन इलंस मां? सुरमई हाडून माका फसवतंस?” “बोंडांचो वास तो, गो बाय,” एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण जवळ येऊन तोंडाचा वासही न घेता तिने निकाल दिला, म्हणून माझं डोकं फिरलं. मासळीची पिशवी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवली आणि वळलो. त्याच पावसाळ्यात ती गेली. तिच्यावरचा तो राग अजून आहे. दारूला मात्र पुन्हा शिवलो नाही, आणि काजूच्या दिवसांत तिच्या गावावरून जायचं असलं की आधी अंघोळ करून धुतलेला सदरा घालतो.