हाकेला ओ

"ओ, आलो."

हाक कुणी मारली, कशाला मारली, हे कळायच्या आधीच तो माणूस एका पायात चप्पल घालून दारात उभा असायचा. दुसरी चप्पल बहुतेक वेळा घरातच राहायची.

आमच्या डिंगोऱ्यात तो नव्वद सालानंतर आला. मूळचा आंबेगाव तालुक्यातला. तिथं भावकीनं त्याला वाळीत टाकलं होतं. मुलीच्या लग्नात पहिली हळद त्यानं आपल्या विधवा बहिणीला लावायला सांगितली, एवढाच गुन्हा. पुढं त्याचा गोठा पेटला. तो घसा बसेपर्यंत ओरडला. भिंतीपलीकडं माणसं होती, एकानंही ओ दिली नाही. म्हैस गेली. मग बायको आणि एक पेटी घेऊन तो आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आला. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. तो स्वतः त्यातलं कधी काही बोलला नाही.

वर्षभरात त्यानं मंडळ काढलं. चौकातल्या लिंबाखाली आम्हाला गोळा केलं.

"वर्गणी किती?" समोरच्या रहीम टेलरनं विचारलं.

"वर्गणी न्हाई. अध्यक्ष बी न्हाई. हाक आली का ओ द्यायची आन् जायचं. कुणी मारली, कुणाला मारली, ते इचारायचं न्हाई."

"ओ द्यायला मंडळ कशाला लागतंय, भाऊ?" मी म्हणाले.

"लागतंय, ताई."

लोकांनी त्याला 'ओ-मंडळ' नाव ठेवलं. हसले, पण यायला लागले. गाय अडली, पत्रे उडाले, कुणाचं म्हातारं पडलं, की चार घरांतून ओ यायची. दुसऱ्यासाठी धावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हा स्वतः कधी हाक मारायचा नाही. पाठ धरली तरी पोती एकटाच वाहायचा.

"तुमच्या तोंडाला काय झालंय?" मी एकदा विचारलं.

उत्तर बायकोनं दिलं. "न्हाई आलं कुणी, तर? आता परत कुठं जायचं आमी?"

मग एका दुपारी तीच विहिरीत घसरली. मोटरीच्या पाइपाला धरून लटकली. त्याला पोहता येत नव्हतं. तेव्हा त्याची हाक आम्ही पहिल्यांदा ऐकली. "अहो, हाय का कुणी?"

मी भाकरी तव्यावर सोडून ओ दिली. रहीमनं मशीनवरून दिली. गिरणीतून आली, शाळेकडून आली. दोर सोडून आम्ही तिला वर काढलं.

एवढी गर्दी बघून ती म्हणाली, "आधी सांगायचं व्हतं, धड लुगडं तरी नेसले असते."

तो कठड्याजवळ बसला होता, दोन्ही पाय अनवाणी. "आले सगळे," एवढंच म्हणत होता. त्यानंतर त्याला लई चटक लागली. चिमूटभर मिठासाठीसुद्धा हाका मारायला लागला.

बऱ्याच वर्षांनी भावकीतला पुतण्या आला. "काका, माझ्या लग्नात पहिली हळद आत्यानंच लावायची. घरी चला." दोघं गेली. बरं झालं. माणसानं आपल्या गावात असावं.

खोलीला आता कुलूप आहे. परवा कांद्याचं पोतं उचलेना, तेव्हा सवयीनं त्या दाराकडं बघून मी म्हणाले, "अहो भाऊ."

"ओ, आलो." रस्त्यापलीकडून रहीम.

"तुला न्हाई रे मारली."

"ते इचारायचं न्हाई, मावशी," म्हणत तो आला. एकाच पायात चप्पल होती.