दस्तान्याचे कूळ

तमाम लहानथोरांस जाहीर करण्यात येते की, 'दस्ताना' या शब्दाचे कूळ बोरीच्या शिवारात, करडईच्या पिकाजवळ बांधावर चढून, अस्मादिकांनी रयतेला समजावून सांगितले होते. तेव्हा निजामाचे राज्य होते, मला नुकतेच मिसरूड फुटले होते आणि उर्दूतून शिकल्याची मस्ती अंगात होती.

करडई काटेरी. डाव्या हाताने झाड धरायचे, उजव्याने विळा चालवायचा. बाया हातांना जुन्या चिंध्या गुंडाळत. मी हैदराबादच्या जुन्या बाजारातून कातडी दस्ताने आणले आणि भाषण ठोकले.

"दस्त म्हणजे हात. दस्तखत म्हणजे हाताचं अक्षर. तसा दस्ताना, हाताचं पांघरूण. आणि आपण म्हणतो हातमोजा. मोजा तर पायातला. म्हणजे पायातलं हातात घालता होय गं तुम्ही?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. "मालक, तुमी कीर्तनाला उभे ऱ्हावा," एकजण म्हणाली. मी इतका फुललो की सगळ्या चिंध्या गोळा करून शेकोटीत टाकल्या.

एक लिंगायत मावशी तेवढी मागे राहिली. विधवा, घरात एकटी. "मला नगं, बापू. कातडं हाय. आमच्यात चालत न्हाई. माजं फडकं कुठं हाय?"

फडके जळत होते. "दंव आहे तोवर काटा मऊ असतो, मावशी. आज तसंच कापा," मी म्हणालो आणि पुढच्या विनोदाकडे वळलो. ऊन चढले, दंव वाळले. तिला थांबवायचे मला सुचले नाही.

डाव्या तळव्यात काटा मोडला. चौथ्या दिवशी कोपरापर्यंत सूज आली. बैलगाडीतून परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेले. हात ठेवला तर बाई जाईल, डॉक्टर म्हणाले. कोपराखालून हात काढला.

मी भेटायला गेलो, तेव्हा दवाखान्यातल्या बाईने तिचे अंग पुसून तिला नुकते बसवले होते. अंघोळ झाली की गळ्यातल्या डबीतले लिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची, हा तिचा जन्माचा नेम. सवयीने उजवा हात गळ्याकडे गेला. तिने डबी उघडली, लिंग बोटांत घेतले आणि हात तसाच अधांतरी राहिला. खाटेशी मी उभा होतो. तिच्या तोंडून निघून गेले,

"बापू, आता ह्याला ठिवू कुठं?"