बॅटरीला माठाचं पाणी पाजलं त्या दिवशी

उन्हाळ्यात सटाण्याकडे निघणार असाल तर आधीच सांगते, पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, त्यातली एक गाडीच्या बॅटरीसाठी. हसू नका. हे शहाणपण मी ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात कमावलं, तेही स्वतःच्या मुलाखतीच्या दिवशी.

नुकतीच बी.एड. झाले होते. सटाण्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षिकेची एकच जागा होती आणि मुलाखती दोनपर्यंत चालणार होत्या. घरात कमावणारे एकटे अण्णा, कचेरीत कारकून. माझ्यामागे दोन भाऊ शिकत होते. ही जागा हातची जाऊन चालणार नव्हती. मी म्हटलं, एसटीने जाते. अण्णा ऐकतील तर शपथ! माझी लेक पहिल्या मुलाखतीला मोटारीतून उतरेल म्हणाले आणि मित्राची जुनी पांढरी मोटार मागून आणली. निघता निघता नऊ वाजले, कारण अण्णांनी ती तीनदा पुसली. बॉनेट मात्र आम्हा दोघांपैकी कुणीच उघडलं नाही.

आग्रा रोडने पिंपळगावला मिसळ खाल्ली. रस्सा असला झणझणीत की दहा मिनिटं मुलाखतीची भीतीच विसरले. चांदवडला चहासाठी थांबलो, आणि तिथे बाईसाहेब रुसल्या. चावी फिरवली तर टक् नाही की टुक् नाही. हॉर्नसुद्धा मुका. वर ऊन असं की दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसत होता.

कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन चाललेले रामदासभाऊ नावाचे एक शेतकरी थांबले. बॅटरीची सहा बुचं उघडून म्हणाले, "पाणीच नाय हिच्यात. लय तापलीय. माठातलं वता थोडं, आजचा दिस निभल."

आणि इथे माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली. साध्या पाण्यात क्षार असतात, बॅटरी खराब होईल, डिस्टिल्डच हवं, असं मी भाषणच दिलं. गाडी दुसऱ्याची, त्यामुळे अण्णांनीही मान डोलावली. रामदासभाऊंनी वाद घातला नाही. चार जण बोलावून गाडी उतारावर लोटून दिली. इंजिन सुरू झालं, आमचा जीव भांड्यात पडला. डिस्टिल्ड पाणी मात्र अख्ख्या चांदवडात मिळालं नाही. ते शोधण्यात तासभर गेला, आणि तेवढा वेळ अण्णा चालू इंजिनाला राखण बसले.

पुढे हॉर्नचं काम अण्णांनी केलं. खिडकीतून डोकं काढून "ओ भाऊ, सरका" म्हणत घाट ओलांडला. पण देवळ्याच्या अलीकडे कांद्याच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि इंजिन विझलं. रस्ता सपाट, ढकलून ढकलून नाकी नऊ आले. घड्याळात एक वाजून गेला होता. मला रडूच फुटलं. अण्णा फडकं घेऊन पुन्हा गाडी पुसू लागले, त्याचं जास्त वाईट वाटलं.

बांधावरच्या झोपडीतली बाई तांब्या घेऊन आली. तिच्या बोलीत म्हणाली, "घे ताई, थंड शे." मी दोन घोट प्यायले आणि तिलाच विचारलं, अजून आहे का माठात? मग ते पाणी रुमालातून गाळून, पदर खोचून, सहाही बुचांत माझ्या हाताने ओतलं. गाडीवानांनी लांबवर ढकलत नेलं. तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

शाळेत पोचायला अडीच झाले. मुलाखती संपल्या होत्या. मुख्याध्यापक कपाटाला कुलूप लावत होते. का उशीर झाला, विचारलं. खोटं सांगायला सुचलंच नाही. न उघडलेलं बॉनेट, चांदवडचं भाषण, देवळ्याचा माठ, सगळं सांगितलं.

"मग चूक कुठली? पाणी घातलंत ती?"

"नाही सर. घालायला दोन तास लावले ती."

त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं. मग खिशातून दुसरी किल्ली काढली.

"प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटरची बाटली आहे. वडिलांची परतीची सोय करा. किल्ली तुमच्याकडेच ठेवा, जूनपासून लागेलच."

बाहेर येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी हातातल्या फडक्याने आधी गाडी पुसली, मग डोळे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत इंजिन एकदाही बंद केलं नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्जिंगला गेली, आणि मित्राने पुढची चार वर्षं त्यावरून अण्णांना चिडवलं.

आईने साडी धुतली तर पदराला आम्लाने बारीक भोकं पडलेली. आई हळहळली, मी ती साडी टाकली नाही. तीस वर्षं त्याच शाळेत शिकवलं. नववीच्या वर्गाला दरवर्षी तो पदर दाखवला आणि देवळ्याच्या माठाचं पाणी कसं उपयोगी पडलं तेही सांगितलं.

आमच्याकडे स्वतःची गाडी कधीच आली नाही. तरी अण्णांनी शेवटपर्यंत फडताळात डिस्टिल्ड पाण्याची एक बाटली ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "राहू दे. लेकीच्या नोकरीची आहे."