काळा डबा आणि स्टुडिओवाले भाऊ

“ऐकत नाई तू? मंग घे!” असं म्हणत भाऊ त्या काळ्या डब्याला सपकन एक ठेवून द्यायचे आणि डब्याचा लाल दिवा हिरवा व्हायचा. मग आम्हा सगळ्यांकडे असं बघायचे, की पुढचा नंबर आता आमचाच. बरेचदा तो असायचाही.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा हात तोंडाच्या आधी चालतो. आमचे भाऊ त्यातले अव्वल. चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आत, एका लोखंडी सामानाच्या दुकानावर त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना राईस मिलमधला बारदाना ठोकलेला. आत पाऊल टाकलं की कोंड्यानं शिंका यायच्या, आणि शिंकलं की भाऊंच्या शिव्या.

मी मूल गावची. नाटकांत गायचे, लग्नाची गाणी गायचे आणि एसटीनं चंद्रपूरला येऊन भाऊंच्या माईकसमोर उभी राहायचे. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो. कोणतं नाटक, कुठल्या गावी, हिरोईन कोण, हे सगळं जीपवरच्या भोंग्यातून गावोगाव ओरडत जातं आणि मधे मधे गाणं वाजतं. भाऊंनी केलेली कॅसेट असली की जेवतं ताट सोडून लोक रस्त्यावर यायचे. यात काडीची अतिशयोक्ती नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्याच दिवशी मी एका ओळीत ताल चुकले. भाऊ काचेमागून आले आणि पाठीत असा धपाटा घातला की माझा दमच अडकला. आता मी काही मुकाट्यानं मार खाणारी बाई नाही. काढली पायातली चप्पल आणि त्यांच्या खांद्यावर दोन हाणल्या. तबलेवाला पडद्यामागं लपला. भाऊ खांदा चोळत म्हणाले, “हां! आता कशा जाग्या झाल्या तुमी. घ्या बाई, पुन्हा घ्या.” त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही आणि माझा चहा ते स्वतः खालून आणायचे.

बाकीच्यांची मात्र सुटका नव्हती. तबलेवाल्यावर त्यांनी त्याचीच हातोडी फेकली होती, ती थोडक्यात हुकली. दारू पिऊन आलेल्या एका गायकाला कॉलर धरून जिन्यावरून खाली सोडलं, त्याचे पुढचे दात गेले. पोलीस आले. भाऊ त्यांनाच म्हणाले, “दात गेले तं गेले, गळा तं वाचला ना साहेब!” असा माणूस. राग यायचा, बाप्पा, मला त्यांचा फार राग यायचा.

पण त्यांचा एक नियम होता. पाठीत मारतील, दंडावर मारतील, लाथ घालतील, पण कानाखाली कधी नाही. कुणी दुसऱ्यानं कुणाच्या कानाखाली लावली तरी भाऊ त्याच्या अंगावर धावून जायचे. “आंग कुठीही सुजव, पण कानाले हात नाई लावायचा!”

त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. एकदा बसस्टँडवर माझी गाडी चुकली, तेव्हा बाकावर बसून त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका नाटक मंडळात भोंगे आणि माईक सांभाळायचे. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात माईक किंचाळला, प्रेक्षक हसले, आणि मॅनेजरनं विंगेत येऊन त्यांच्या डाव्या कानाखाली काढली. “आधी शिट्टी वाजली बाई, लय येळ वाजली. मंग ह्या बाजूनं जे शांत झालं थे आजवर शांतच हाये.” आवाज पकडून पोट भरणारा माणूस आणि एका कानानं ठार बहिरा! “कोणाले सांगसान तं पाहा,” ते म्हणाले, “उद्यापासून माह्या दारात कुत्रंही नाई येनार.”

मग मी लक्ष देऊन बघायला लागले. भाऊ हेडफोन लावून एकदा ऐकायचे, मग तो उलटा फिरवून लावायचे आणि तेच पुन्हा ऐकायचे. म्हणजे डावीकडचा आवाजही उजव्याच कानानं. लोकांना वाटायचं, ही उस्तादाची लकब. दोनचार पोरट्या कलाकारांनी तर ती उचललीही.

आता त्या डब्याचं सांगते. आठ माईक लागायचे त्याला, आणि तो एका तारेनं कॉम्प्युटरला जोडलेला. बनवणारी परदेशी कंपनी केव्हाच बुडाली होती. डबा आणि कॉम्प्युटर यांची एकमेकांशी ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. या डब्याचा ड्रायव्हर फक्त जुन्या, अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवर चालायचा. त्यामुळे भाऊंनी तो कॉम्प्युटर सोवळ्यात ठेवला होता. त्यात कुणाची फ्लॉपी नाही, सीडी नाही, इंटरनेटचं तर नावच नको. मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलेली: हात लावला तर हात मोडीन. नवीन डबा घ्या म्हटलं की खेकसायचे, “नवा मले नाई समजत! याचा आवाज मी एका कानानं ओळखतो, नवा शिकाले कान कुठून आनू?” हे ते मला एकटीलाच बोलायचे, आणि तेव्हा त्यांच्या आवाजातली भीती मला कळायची.

बरं, वीज आमच्याच ऊर्जानगरात तयार होते, आणि लोडशेडिंगही आमच्याच नशिबी. एकदा गेलेली वीज परत आली ती अशा झटक्यानं की कॉम्प्युटरमधून धूर निघाला. तसले जुने भाग भाऊ नागपूरच्या भंगार बाजारातून आणून ठेवायचे, तेही संपले होते. नवा कॉम्प्युटर आला, त्यात नवीन विंडोज आलं, आणि ते काही डब्याला ओळखेना. भाऊंनी डब्याला चापट मारली, बुक्की मारली. दिवा लालच राहिला. मग त्यांनी खुर्ची उचलून भिंतीवर आपटली आणि तिच्या तुकड्यांत मटकन बसले. हंगाम तोंडावर आला होता.

तेव्हा पुढे आला ऊर्जानगरचा कॉम्प्युटरवाला. शांत, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप. त्यालाही भाऊंच्या लाथा बसलेल्या, तरी यायचा. म्हणाला, “भाऊ, थोडी कळ काढा, मी पाहून राह्यलो.” सायबर कॅफेत बसून त्यानं जगभर शोधलं. कुठल्याशा परदेशात अशाच एका वेड्यानं स्वतःच्या डब्यासाठी नव्या विंडोजवर चालणारा ड्रायव्हर घरी बसून तयार केला होता आणि सगळ्यांसाठी नेटवर ठेवला होता. म्हणजे जगात आणखी एक भाऊ होता तर! नेट सारखं तुटायचं, आणि हा पुन्हा पहिल्यापासून उतरवायला बसायचा.

ज्या दिवशी तो ड्रायव्हर घेऊन आला त्या दिवशी मी तिथंच होते. एका नाटक मंडळाचा मॅनेजरही होता, आणि डोकं खात होता. “उद्या जीप गडचिरोलीकडे काढाची हाये. तुमच्यानं होत नसन तं सांगा भाऊ, मी नागपूरले जातो!” भाऊंच्या कपाळाची शीर तटतटली होती. कॉम्प्युटरवाल्यानं काहीतरी केलं आणि दिवा हिरवा झाला. माझं जुनं गाणं त्यानं सुरू केलं. “भाऊ, ऐका, आता एकच बाजू...” तो सांगत होता, तेवढ्यात भाऊंनी हेडफोन हिसकावून कानांना लावला.

त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

“मारला! माहा डबा मारला तू!” असं ओरडून त्यांनी हात फिरवला. पुरा पंजा, सगळ्या ताकदीनिशी, कॉम्प्युटरवाल्याच्या कानाखाली. तो माईकच्या स्टँडवर जाऊन आदळला आणि स्टँडसकट खाली पडला. भाऊ त्याच्या छाताडावर लाथ उचलणार, तोच मी मधे घुसले. खाली पडलेला हेडफोन उचलून मी कानाला लावला. माझं गाणं खणखणीत वाजत होतं. फक्त डाव्या बाजूनं.

“भाऊ,” मी म्हटलं, “उलटा लावा.”

त्यांनी उलटा लावला. ऐकलं. त्यांचं तोंड राखेसारखं झालं. मग ते खाली बसले, कॉम्प्युटरवाल्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याच्या कानातून रक्ताची धार मानेवर आली होती. “आवाज येते काय तुले? माह्याकडे पाह्य, येते काय?” ते त्याच्या त्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तो म्हणाला, “शिट्टी वाजून राह्यली, भाऊ.” हे ऐकून भाऊ ढसाढसा रडले. मॅनेजर चप्पल न घालताच जिना उतरला.

सरकारी दवाखान्यात कळलं, पडदा फाटलाय, त्या कानाचं काही खरं नाही. भाऊ त्याच्या बायकोच्या पाया पडले. तिनं पाय मागे घेतले. बरोबरच केलं तिनं.

त्यानंतर भाऊंचा तो स्टुडिओ राहिला नाही, आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. भाऊ बहिणीच्या गावी निघून गेले. काही लोक म्हणतात, पोलिसांना भिऊन गेले. भिऊन? अरे, मी होते ना तिथं.

त्याआधी कॉम्प्युटरवाल्याचे दोघे सख्खे भाऊ स्टुडिओत आले होते, कोळशाच्या खाणीत काम करणारे, दणकट. मागून तोही आला, कानाला पट्टी बांधलेला. त्यांनी स्पीकर फोडले, काच फोडली, बारदाना टराटरा फाडला. आमचे भाऊ कोपऱ्यात उभे राहून बघत होते. थोरल्यानं डबा डोक्यावर उचलला तेव्हा कॉम्प्युटरवालाच ओरडला, “त्याले हात नको लावू! त्याची चुकी नाई!”

“बराबर बोलला,” भाऊ म्हणाले. पुढं आले आणि मान वळवून उजवा गाल थोरल्यासमोर धरला. “चुकी माही हाये. हा घे. इथी मार.”

थोरल्याला काय ठाऊक! त्याला वाटलं, म्हातारा उद्दामपणा करतो आहे. मी “अहो नका, तोच एक कान आहे त्यांना,” म्हणत धावले, तर धाकट्यानं मला भिंतीशी ढकललं. पहिली बसली. भाऊ हलले नाहीत, फक्त मान पुन्हा सरळ करून तोच गाल पुढं केला. दुसरी बसली तेव्हा मी जीव खाऊन ओरडत होते, गळ्याच्या शिरा तुटतील इतकं, “बस करा रे, बस करा!” खाली रस्त्यावर माणसं थांबली.

भाऊंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात वर करून म्हणाले, “बाई, जरा मोठ्यानं.”