पत्र लिहायला सात पुस्तकं

कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानातली ताई कथा लिहायला शिकतेय, ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा लोक पोट धरधरून हसले. शेजारचा शिंपी म्हणाला, "आता दोन शर्टांवर एक गोष्ट फुकट!" हसा लेको, हसा. पण तिला कथा लिहायचीच नव्हती. तिला एक पत्र लिहायचं होतं, धाकट्या बहिणीला, आणि ते बारा वर्षं लिहून होत नव्हतं.

झालं होतं ते असं. आई तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती आणि ताईने धाकटीला कळवलंच नाही. उगाच लांबच्या माणसाचा जीव टांगणीला कशाला लावा, आई उठेलच, असं ती स्वतःला सांगायची. खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती, की आईचं सगळं मी एकटी करते. आई दोनदा म्हणाली, "धाकटीला बोलाव गं." ही म्हणाली, "बोलावते." मग एका सकाळी आई गेली, आणि त्यानंतर हिने फोन केला. 'अचानकच झालं,' म्हणाली. धाकटी दुसऱ्या दिवशी पोहोचली. दारातच, चार माणसांसमोर, ताईच्या तोंडून निघून गेलं, "आता आलीस? सगळं संपल्यावर?" जिभेला हाड नसतं हेच खरं. धाकटी आईच्या रिकाम्या खाटेजवळ जरा वेळ उभी राहिली आणि गेली. ती गेलीच, पुन्हा आली नाही.

सरळ फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. केला होता, दोनदा. पलीकडून 'हॅलो' आलं की हिने फोन बंद केलाच. कागद घेऊन बसली तर 'प्रिय' या शब्दापुढे गाडी हलायची नाही. शेवटी ती वाचनालयात गेली आणि पत्र कसं लिहायचं त्याचं पुस्तक मागितलं. चष्मा कपाळावर चढवलेल्या ग्रंथपालांनी शोधून शोधून दिलं ते अर्जांचं पुस्तक! दुसऱ्या दिवशी तिने ते टेबलावर ठेवलं. "साहेब, मला रजा नकोय. बहीण हवीय."

ग्रंथपालांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग तिला मागच्या कपाटाकडे नेलं. कथा कशी लिहावी, लेखकाने कसं बघावं, असली पुस्तकं तिथे धूळ खात पडली होती. "मनातलं कागदावर कसं आणायचं ते यांत असतं म्हणतात," ते म्हणाले. "मी काही वाचली नाहीत. बघा तुम्हीच."

दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. इस्त्री उभी करून ठेवायची आणि कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून वाचायचं, असं सुरू झालं. सात पुस्तकं वाचली बाईने! एक म्हणालं, रोज लिहा. ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहायला लागली. दुसरं म्हणालं, 'दुःख झालं' असं नुसतं सांगू नका, माणसाचे हात काय करत होते ते लिहा. तेव्हापासून तिला भलतंच दिसायला लागलं. समोरच्या इमारतीतले चौथ्या मजल्यावरचे आजोबा, आजी गेल्यापासून एकटे राहतात, पण दर आठवड्याला उशीचे अभ्रे दोन आणतात. ते अभ्रे ती इतकी वर्षं मुकाट्याने घड्या घालून देत होती. त्या दिवशी मात्र इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तिला धाकटी इतकी आठवली की डोळे भरून आले.

एका पुस्तकात लिहिलं होतं, जे लिहायला हात धजत नाही तेच लिहा. ते पुस्तक तिने दोन दिवसांत परत केलं. मग पुन्हा आणलं. पुन्हा परत केलं. तिसऱ्यांदा आणलं तेव्हा ग्रंथपाल नोंद करताना गालातल्या गालात हसले.

खाडाखोड तिला बघवत नसे, म्हणून मागच्या टोकाने घासलं की लिहिलेलं पुसलं जातं, असा पेन तिने आणला. तीन महिने लिहिलं, पुसलं, लिहिलं. आईचे हात, ते अंथरूण, ती खोली. आणि चौथ्या पानाच्या अगदी तळाला, एकदाचं, ते खरं. वाचून तिचं तिलाच हलकं वाटलं. घड्या घालून घालून कागद पार चुरगळले होते, आणि चुरगळलेली वस्तू या दुकानातून कधी बाहेर गेलेली नाही. तिने पाकीट चिकटवलं, त्यावर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवली, टपाल कचेरीतल्या पेनाने पत्ता घातला आणि टपालात टाकलं.

वीस दिवसांनी उत्तर आलं. धाकटीचं अक्षर बघून तिने हातातली इस्त्री आधी बाजूला उभी केली.

"ताई, तुझं पाकीट मिळालं. आत चार कोरे कागद. आधी राग आला, मग खूप रडले. मीही कितीदा कागद घेऊन बसले गं, एक अक्षर उमटलं नाही. तू कोरे का होईना, पाठवलेस तरी. तू बोललीस त्यात काही खोटं नव्हतं. नुसतं येते येते म्हणत राहिले आणि उशिरा पोहोचले. चूक माझीच. तू म्हणशील तेव्हा येते."

कोरे? तिने पावतीच्या पाठीवर त्या पेनाने 'आई' लिहिलं आणि वर इस्त्री टेकवली. उचलली तर खाली काही नाही. घासल्यावर जी ऊब येते तिनेच ती शाई उडत होती, आणि हिने तर निखाऱ्यासारखी इस्त्री फिरवली होती! ताईला हसू फुटलं. हसता हसता तिला तळाची ती ओळ आठवली आणि हसू जागच्या जागी जिरलं.

धाकटी येणार होती. बारा वर्षं देवाकडे दुसरं काय मागितलं होतं? नुसतं 'ये' लिहायचं की काम झालं. खरं काय ते आई जाणत होती, आणि आई काही सांगायला येणार नव्हती. मोह व्हायचाच. तुम्हाआम्हाला झाला नसता, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? दोन दिवस ताई कपडे जाळता जाळता राहिली. "अगं, तब्येत बरी आहे ना?" शिंप्याने विचारलं. ती म्हणाली, "तुझा पेन दे. साधा. न पुसणारा."

भर दुपारी तिने दार लोटून घेतलं. पुस्तकं समोर होती, पण तिने एकही उघडलं नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं, दोन ठिकाणी खोडावं लागलं, तेही तसंच ठेवलं.

"धाकटे, तू उशिरा आली नाहीस. मी तुला उशिरा बोलावलं. आई तीन आठवडे पडून होती, दोनदा तुला बोलाव म्हणाली. मी बोलावलं नाही, आणि वर तुलाच बोलले. मला तू फार हवी आहेस गं. पण आता यायचं की नाही, ते हे वाचून ठरव."