पदराखालचा लॅपटॉप

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि ओळ पानाच्या टोकाला जाईपर्यंत खाली उतरते. मी चौथी झाले तेव्हा पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, आणि घरी धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं. त्यानंतर सही सोडून मी फारसं काही लिहिलं नाही. ही वही कोणाला दाखवायची नाही. पण कधी माझ्या मुलीच्या हाताला लागलीच, तर तिने लिहिण्यातल्या चुका पोटात घालाव्यात. दुसरी एक चूक माझ्या हातून झाली आहे. ती मला तिच्याजवळ तोंडाने बोलता येत नाही.

मुलगी बारावीनंतर वाशीमला कॉम्प्युटर शिकली. दोन वर्षं सकाळच्या गाडीने जायची आणि दिवस बुडता घरी यायची. एक दिवस आली ती चप्पल न काढताच सांगू लागली, की पुण्याची एक कंपनी घरी बसून काम देते. लोक तक्रारी लिहून पाठवतात, त्यांना मराठीत आणि हिंदीत उत्तरं लिहायची. महिन्याला चौदा हजार. आधी एक परीक्षा, तीही घरूनच. आणि लॅपटॉप स्वतःचा पाहिजे.

"जुना नाई चालत का?" मी विचारलं.

"नाई आई. कोणता पाह्यजे ते त्याहिनं लिहूनच देलं हाय."

तो अठ्ठावन्न हजाराचा होता. आमच्या घरातली भांडी, खाटा, पंखा, सगळं विकलं असतं तरी तेवढे झाले नसते. तिचे वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. ते म्हणाले, "मले त्यातलं समजत नाई. तुमी मायलेकी पाहा."

मी पाहिलं ते बचत गटाकडे. आमच्या वस्तीतल्या अकरा बायांचा गट आहे. गटाला बँकेचं मोठं कर्ज नुकतंच मिळालं होतं. पण आमच्या गटाचा नियम असा, की मोठी रक्कम धंद्यासाठीच द्यायची. शिक्षणासाठी दहा हजारांच्या वर नाही. मीटिंगमध्ये अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुले कायले पाह्यजे व साठ हजार?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बकऱ्या घेतो."

मला खोटं बोलता येत नाही असं मी आजवर समजत होते. ते इतकं सोपं निघालं. पैसे मिळाले आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप घरी आला.

एक गोष्ट मात्र मी बोलताना विसरले. आमच्या गटात नुसत्या शब्दावर कोणी राहत नाही. ज्या वस्तूसाठी पैसे घेतले ती पाहायला महिन्याच्या आत सगळ्या बाया घरी येतात. शिलाई मशीन असेल तर एकेक जण बसून पाय मारून पाहते. म्हैस असेल तर पाठीवरून हात फिरवतात. मग चहा होतो, आणि ठरावाच्या वहीत 'वस्तू पाहिली' असं लिहितात.

माझी जाऊ तीन घरं सोडून राहते. तिच्या पाया पडून मी तिच्या चार बकऱ्या एका दिवसासाठी आणल्या आणि सकाळपासून अंगणात बांधून ठेवल्या. बाया आल्या. बकऱ्या दोर ताणून ताणून जाऊच्या घराकडे तोंड करून ओरडत होत्या.

"काहून व, ह्या तिकडंच काहून पाह्यतात?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नव्या हायेत ना. रुळल्या नाई अजून."

"हो माय, नव्याच हायेत," असं म्हणून त्या चहा प्यायल्या. वहीत लिहिलं गेलं. बाया गेल्यावर मी दोर सोडले, तर बकऱ्या कोणी न हाकलता आपल्या घरी निघून गेल्या.

त्या दिवसापासून लॅपटॉप कोणाच्या नजरेला पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. घरात तो पेटीत, गोधड्यांच्या खाली. पण घरात नेटवर्क येत नाही आणि परीक्षेआधी पंधरा दिवस मुलीला सराव करायचा होता. जऊळक्याच्या स्टेशनवर नेटवर्क चांगलं येतं, असं तिला कोणी सांगितलं. आमच्या गावाहून ऑटोने वीस मिनिटं. मग आम्ही रोज तिथे जाऊ लागलो. लॅपटॉप तांदळाच्या थैलीत, त्याच्यावर मेथीची जुडी. ऑटोत कोणी विचारलं, "काय हाय व माय थैलीत?" की मी म्हणायची, "भाजी."

स्टेशनवर गाड्या थोड्या, माणसंही थोडी, पण जी असतात त्यांना पाहण्याशिवाय दुसरं काम नसतं. मुलीने झाकण उघडलं की ते चांदीसारखं चमकायचं. मी पाहायची, लोकांची नजर आधी लॅपटॉपवर जायची, मग खाली आमच्या पायांवर उतरायची, माझ्या भेगा पडलेल्या टाचांवर, प्लास्टिकच्या चपलांवर, आणि पुन्हा वर लॅपटॉपवर. त्या एका नजरेत ते सगळा हिशेब करून टाकायचे. मला वाटायचं, आता कोणी येऊन विचारेल, हा कोणाचा उचलून आणला? मग मी मुलीच्या बाजूला सरकून पदर पसरून धरायची, म्हणजे बाहेरून फक्त तिचं डोकं दिसावं.

एकदा गाठोडं घेतलेली एक बाई समोरून जाताना थांबली. "लेकरू पाजून राह्यली का व पदराखाली? एवढ्या मोठ्या पोट्टीले?" बाकावरचे सगळे हसले. बांगड्यांची पेटी घेऊन बसणारे एक म्हातारे चाचा होते, त्यांनाही राहवलं नाही. "अरे बाई, झाकता कायले? झाकून तो चोरी का माल रखते." ते गंमत करत होते. मी पदर आणखी ओढून घेतला.

"आई, पदर काढ," मुलगी म्हणाली. "मले काही दिसून नाई राह्यलं."

"लोक पाह्यतात व."

"पाहू दे ना. मी काय नागडी बसलो का?"

मी पदर थोडा खाली घेतला. पण काढला नाही.

परीक्षा अकरा वाजता होती. एक तास. आदल्या दिवशी तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं. लॅपटॉपच्या डोळ्यातून ते लोक पाहत राहतात. शेजारी कोणी बसायचं नाही, बोलायचं नाही. "अन् झाकण लागलं का पेपर गेला, आई. दुसऱ्यांदा भेटत नाई." मी मान हलवली. मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

त्या दिवशी पदर धरता येत नव्हता, तो त्या डोळ्याला दिसला असता. म्हणून लॅपटॉप उघड्यावर, आणि मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मांडीत हात दाबून. तिची बोटं चालू होती. अर्धा तास चांगला गेला. मध्ये एकदा ती स्वतःशीच हसलीसुद्धा, म्हणजे पेपर सोपा जात असावा.

मग पॅसेंजर आली. माणसं उतरली. आणि स्टेशनच्या दारातून अध्यक्षबाई आत आल्या, मागे गटातल्या दोघी. त्या आमच्या बाकाच्या दिशेने चालत होत्या.

मी विचार केला नाही. भीतीसुद्धा नीट वाटली नाही, तिला वेळच मिळाला नाही. माझा हात पुढे गेला आणि त्याने झाकण लावलं. डब्याचं झाकण लागावं एवढाच आवाज झाला. वर पदर टाकला, त्याच्यावर मेथीची थैली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं फक्त. तिची बोटं अजून तशीच उचललेली होती.

"काय व, मायलेकी इथी?" अध्यक्षबाई जवळ आल्या. "कोठी निघाल्या?"

"कोठीच नाई. बसलो होतो."

"बसा मंग. माही सून उतरली का पाह्यतो." आणि त्या गाडीच्या डब्यांकडे पाहत पुढे गेल्या. माहेरून येणाऱ्या सुनेला घ्यायला आल्या होत्या. आमच्यासाठी आल्याच नव्हत्या.

मुलीने माझा पदर बाजूला केला, झाकण उघडलं. लाल रंगात इंग्रजीत काही लिहून आलं होतं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"गेला," ती म्हणाली.

"त्याहिले फोन लाव. मी बोलतो. माही चूक हाय म्हनतो."

"कोणाले बोलशील, आई? तिथी माणूस नाई हाय."

परत येताना तिने लॅपटॉप थैलीत घातला नाही. ऑटोत मांडीवर उघडा ठेवला. गावात उतरल्यावर तसाच हातात धरून चालत निघाली, फाट्यावरून, चहाच्या टपरीवरून, विहाराच्या समोरून, सगळ्यांच्या देखत. मी रिकामी थैली आणि मेथीची जुडी घेऊन मागे. झाक व, असं म्हणायला माझं तोंड उघडेना.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या पुढ्यात ताट ठेवायची, ती जेवायची. मी मात्र उजवा हात ताटात घातला की तो मला दुसऱ्या कोणाचा वाटायचा, आणि घास खाली ठेवून मी उठायची. रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. आणखी अर्धा तास फक्त. अर्धा तास मी डोळे मिटून बसले असते तरी चाललं असतं.

पुढच्या मीटिंगला मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, की मी बकऱ्या घेतल्याच नाहीत, मुलीसाठी लॅपटॉप घेतला. आधी एकीला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांना.

"आमाले काय डोये नाई का व?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "बकऱ्या तुह्या, अन् लेंड्या जाऊच्या अंगणात? पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग बोलल्या काहून नाई?"

"पोट्टीसाठी घेतला म्हणून गप बसलो. स्टेशनवर तं मी दारातूनच पाह्यला तुहा लॅपटॉप, कसा चमकून राह्यला होता."

मी तिथेच खाली बसले. त्या पुढेही बोलत होत्या. खोटं सांगितलं म्हणून पाचशे रुपये दंड लावला, तो वहीत लिहिला. "अन् हप्ता चुकू देऊ नको, बाई. एकीचा चुकला का साऱ्या गटाचं नाव जाते. तवा मंग मी तुले ओळखणार नाई." मी मान हलवत राहिले. त्या पहिल्या दिवशीच बोलल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी काय लपवलं असतं? पण हे त्यांना कसं म्हणणार. लॅपटॉपचं झाकण त्यांनी थोडंच लावलं होतं.

कंपनीने पुन्हा परीक्षा घेतली नाही. मुलीने आणखी दोन ठिकाणी अर्ज केले, उत्तर आलं नाही. तिच्याबरोबर शिकलेली एक मुलगी त्याच कंपनीत लागली. हे तिने मला भाकरी खाताना सांगितलं, माझ्याकडे न पाहता. "ती लागली." एवढंच.

मग ती लॅपटॉप घेऊन मंगरूळपीरला तहसीलच्या बाहेर बसू लागली, लोकांचे अर्ज भरायला. एकटी पोरगी इतक्या माणसांत कशी बसेल, म्हणून वावरात काम नसेल त्या दिवशी मीही जाते. ती प्लास्टिकच्या क्रेटवर लॅपटॉप ठेवते, मी लोकांचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून धरून बसते. तिथेही लोक पाहतात. तीच नजर, लॅपटॉपवरून पायांवर.

"एवढ्या महागाचा लॅपटॉप अन् वीस रुपयाले फारम भरून राह्यली, पोरी?" एकाने विचारलं.

"तुमचा भरू का नको, काका?" ती म्हणाली.

तो हसला आणि त्याने आधार कार्ड काढलं. माझा हात अजूनही आपोआप पदराकडे जातो. तेव्हा मी तो मांडीखाली दाबून धरते आणि मुंग्या येईपर्यंत तसाच ठेवते.

हप्ते तिच्या फॉर्ममधून आणि माझ्या निंदणा-सोंगणीच्या मजुरीतून जात राहिले. एका महिन्यात दोन्हीकडून काही आलं नाही, तेव्हा मी पायातली जोडवी विकली. तिने माझ्या मोकळ्या बोटांकडे पाहिलं. तीस महिने असे गेले.

शेवटच्या हप्त्याचे पैसे तिने सकाळी चुलीजवळ ठेवले आणि मंगरूळपीरला निघून गेली. मीटिंग विहाराच्या ओट्यावर होती. गटाच्या सचिवबाईने नोटा दोनदा मोजल्या, माझं पान काढलं, आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. "फिटलं बाई तुहं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कर सही." मी सही केली. माझी सही तेवढी अजून सरळ येते.

दिवस मावळता मुलगी आली.

"भरले पैसे," मी म्हणाले. "पूर्ण फिटलं."

"पावती घेतली का?"

मी पदराच्या गाठीतून काढून दिली. तिने उंबरठ्यावर उभ्या उभ्याच वाचली, आकड्यावरून बोट फिरवलं, घडी करून माझ्या हातात परत दिली आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेली.